गॅरेजच्या लोखंडी भिंती जमिनीवर जोडून मग उभ्या करायच्या आहेत. कोणी केलंय का?

माहुलीकर
नमस्कार मंडळी. साताऱ्यात माहुलीच्या अलीकडे घराशेजारी गॅरेज बांधतोय. २४ बाय १४ फूट, बाजूची उंची ११ फूट, वर एकपाखी पत्रा. जीप, दोन दुचाक्या आणि माझं वेल्डिंगचं सामान मावलं की झालं. वेल्डिंग मला हौसेपुरतं येतं, धाकटा भाऊ मदतीला आहे. प्लिंथ झालाय, जे-बोल्ट (काँक्रीटात रुतवलेले, चुड्या वर आलेले बोल्ट) बसवलेत, काँक्रीटला महिना होत आला.

माझा बेत असा: २४ फुटी बाजू प्लिंथवर आडवी ठेवूनच पूर्ण जोडायची. पाच खांब ७२ बाय ७२ मिमीच्या पाईपचे, खाली-मध्ये-वर ५० बाय ५० चे आडवे पाईप, दोन तिरपे. मग अख्खी भिंत एकदम उभी करायची. खाली बसून वेल्डिंग निवांत होतं, काटकोन राहतो, शिडीवर लटकावं लागत नाही. अमेरिकेतले लोक लाकडी भिंती अशाच उभ्या करताना व्हिडिओत दिसतात.

वजन काढलं तर अडीचशे किलोच्या आसपास भरतंय. आठ-दहा पोरं बोलावून होईल का? गल्ली नऊ फुटांची आहे आणि तोंडावरच विजेच्या तारा, त्यामुळे हायड्रा क्रेन आत येईल असं वाटत नाही. बाहेरच्या अंगाला कंपाउंडपर्यंत चारच फूट जागा आहे.

बक्कळ
आठ-दहा पोरं येतील. मटण आहे का ते आधी जाहीर करा.

पाटलाचा ट्रॅक्टर
आवं दादा, कशाला एवढा खटाटोप? एक खांब उभा करा, ओळंबा लावा, बोल्ट आवळा, दुसरा घ्या. एका खांबाचं वजन पंचवीस किलोच्या वर जात न्हाई. एक गडी खांद्यावर घिऊन चालंल. आडवे पाईप मागनं जोडायचे. पलूसला आमच्या वस्तीवर गोठा, ट्रॅक्टरची शेड, द्राक्षाच्या औषधाची खोली, समदं असंच केलंय. अख्खी भिंत उचलायचा नाद करू नगा.

माहुलीकर
@पाटलाचा ट्रॅक्टर, पटतंय. पण ११ फुटांवर डोक्याच्या वर हात करून वेल्डिंग करायचं माझ्या जिवावर येतं. ठिणग्या कॉलरीत जातात आणि सांधाही देखणा येत नाही. खाली केलेलं काम मी स्वतः तपासू तरी शकतो.

जोडणीवाला
मिरजेला एमआयडीसीत फॅब्रिकेशन करतो, म्हणून लिहितो. जमिनीवर जोडायचा विचार चुकीचा नाही, आम्हीही मोठ्या शेडचे ट्रस (छताचे सांगाडे) तसेच करतो. पण तुम्ही जे-बोल्ट आधीच बसवलेत ना? मग भिंत आडवीची उभी करताना खांबाच्या तळाची बेसप्लेट बोल्टात उतरणार कशी, याचा विचार केलाय का? प्लेट कडेवर टेकून फिरत येते. बोल्ट सरळ वर उभे. भोकं वाकड्यातिकड्या कोनात बोल्टांवर येणार, चुड्या मारल्या जाणार, आणि दहा माणसं भिंत धरून उभी असताना तुम्ही खाली पहारीने प्लेट सरकवत बसणार. बोट जायची जागा हीच.

माणसं किती लागतील हा प्रश्न नंतरचा. तळ कुठे अडकवायचा ते आधी ठरवा.

माहुलीकर
जोडणीवाला भाऊ, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. मग काय, बोल्ट कापून टाकू?

अनघा_क
कापू नका! थांबा जरा.

मी कराडला स्ट्रक्चरल डिझाइन करते. आधी वजनाचं बोलते, कारण "आठ पोरांत अडीचशे किलो, म्हणजे माणशी तीस" असा हिशोब बहुतेक लोक करतात.

भिंत आडवी असताना वरची कड उचलायला निम्मंच वजन लागतं, म्हणजे १२५ किलो. निम्मं तळाच्या कडेवर असतं. आठ जणांत माणशी सोळा किलो, म्हणून सुरुवात फार सोपी वाटते. मग भिंत डोक्यावर जाते आणि माणसं हात खाली-खाली सरकवत आत चालत येतात. हात खांद्याच्या उंचीला, समजा ५ फुटांवर. भिंत ४५ अंशात असते तेव्हा जोर सगळ्यात जास्त लागतो. ११ फुटांच्या भिंतीला तो साधारण १३७ किलो येतो. तुमच्या उंचीला फरक फारसा नाही, पण १४-१५ फुटी भिंत असती तर तिथेच लोक थकले असते. आणि तिथे थकलं तर भिंत खाली ठेवायला जागा नसते, कारण सगळे तिच्या खालीच उभे असतात.

खरा धोका तळाचा. त्याच क्षणी माणसं भिंतीला वर आणि पुढे दोन्हीकडे ढकलत असतात. पुढचा रेटा शंभर किलोच्या जवळ जातो आणि तळावर उरलेला भार दीडशेच्या आसपास. नुसत्या काँक्रीटवर लोखंडी प्लेट एवढ्या रेट्याला थांबेलच याची खात्री नाही. ती पुढे सरकते आणि वरची भिंत माणसांच्या अंगावर येते. म्हणून जोडणीवाला म्हणतात ते शंभर टक्के बरोबर.

पाटलाचा ट्रॅक्टर
ताई, हिशोब झ्याक हाय. पर ट्रॅक्टरला दोर बांधून वढली तर? माणसं खालीच नकोत.

अनघा_क
तेही करून बघू, कागदावर. भिंत दहा अंश उचलून ठेवली, दोर वरच्या कडेला बांधला आणि पलीकडे २० फुटांवर जमिनीलगत ट्रॅक्टरच्या हुकात अडकवला. दोर जवळजवळ भिंतीलाच समांतर. त्याची बरीच ताकद भिंतीला तिच्या तळाकडे रेटण्यात जाते, वर उचलण्यात थोडीच. हिशोबाने दोरावर अकराशे किलोच्या आसपास ताण येतो! तीच भिंत ४५ अंशावर आली की ताण १८० किलोपर्यंत उतरतो. म्हणजे ट्रॅक्टरवाला पहिल्या क्षणी ॲक्सिलरेटर दाबणार आणि भिंत हलली की ती धाडकन वर येणार. पाय क्लचवर येईपर्यंत ती उभी होऊन पलीकडे गेलेली असेल. शिवाय यांना बाहेर चारच फूट जागा आहे.

पाटलाचा ट्रॅक्टर
बरं, ट्रॅक्टर ऱ्हाऊ द्या घरी.

बक्कळ
पलूसच्या ट्रॅक्टरने पहिल्यांदाच माघार घेतली. धागा वाचनखूण करून ठेवतोय.

ओहायोतला सातारकर
मी मूळचा शाहूपुरीतला. इकडे ओहायोत मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या गॅरेजला हातभार लावला, म्हणून थोडं लिहितो. इकडच्या भिंती लाकडी. दोन बाय सहा इंची उभ्या पट्ट्या सोळा-सोळा इंचांवर, खाली एक आडवी, वर दोन. जमिनीवरच बाहेरून ओएसबीचे (लाकडाच्या चिपा दाबून केलेले) तक्ते ठोकतात. त्यामुळे दहा फूट उंच, चोवीस फूट लांब भिंत चारशे किलोच्या आसपास जाते.

उचलायला त्यांच्याकडे वॉल जॅक मिळतात. उभ्या लाकडी खांबावर चढत जाणारा जॅक असतो, त्याच्या कोपऱ्यावर भिंतीची वरची पट्टी टेकते. दांडा हलवत राहायचं, जॅक थोडा-थोडा वर चढतो. दोन टोकांना दोन जॅक, दोघं जण एका तालात. हात थांबला तर जॅक तिथेच थांबतो, भिंत खाली येत नाही.

पण जॅकला हात लावण्याआधीची तयारी जास्त वेळ खाते. तळाच्या पट्टीखालून लोखंडी पट्ट्या घालून त्या फरशीला खिळतात, त्या बिजागरीसारख्या वाकतात आणि तळ सरकू देत नाहीत. दोन्ही टोकांना तिरपे टेकू आधीच एकेका खिळ्यावर लटकवून ठेवतात, म्हणजे भिंत उभी झाली की टेकू आपोआप खाली झुलतो आणि लगेच ठोकता येतो. भिंत धरून "अरे टेकू कुठाय" असं ओरडायची वेळ येत नाही.

इकडे जवळच अमिश लोकांची वस्ती आहे. ते अख्खं गाव जमवून धान्याची कोठारं उभी करतात. तिथे वरच्या टप्प्याला लांब काठ्या वापरतात, टोकाला लोखंडी अणी. हात पोचत नाही तिथून पुढे काठीने रेटायचं.

वेणू
आमच्या आळीत एकाने शेड बांधताना भिंत नीट उभी केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा झाला. मग कुणाला तरी टेकूंचे पाईप दुसऱ्या भिंतीला हवे होते म्हणून त्याने दोन टेकू काढले. वरचं काहीच जोडलेलं नव्हतं. संध्याकाळी वारा आला आणि भिंत शेजारच्या संडासावर जाऊन बसली. माणूस आत नव्हता हे नशीब. टेकू पुरेसे घ्या, पाईपचे पैसे वाचवू नका.

बक्कळ
@वेणू, शेजारी अजून बोलतात का?

वेणू
बोलतात. फक्त त्याच विषयावर बोलतात.

आबा_वाईकर
मी काही इंजिनिअर नाही. पण ज्योतिबाच्या चैत्री यात्रेला पाडळीची सासनकाठी नाचताना पाहिली आहे का कोणी? आपल्या सातारा जिल्ह्यातलीच, मानाची पहिली. एवढी उंच काठी एक माणूस पेलतो असं लांबून वाटतं. जवळ जाऊन बघा. वरून चारी बाजूंना दोर सुटलेले असतात, त्यांना तोरण्या म्हणतात, आणि तोरण्या धरणारी माणसं काठीकडे बघत बघतच चालतात. काठी एका अंगाला कलली की पलीकडची तोरणी लगेच ताणली जाते. तोल तेच धरतात, खालचा फक्त ओझं वाहतो.

तुमच्या भिंतीलाही तेच हवं. तुम्ही सगळे उचलायचा विचार करताय. ती उभी झाल्यावर पलीकडे जाऊ नये म्हणून मागून दोर धरणारा कोण?

जोडणीवाला
आबांना दंडवत. आमच्या रिगरला (अवजड माल उचलून बसवणाऱ्याला) मी हेच वेगळ्या शब्दांत सांगतो आणि तो ऐकत नाही.

शेवटचे दहा अंश सगळ्यात फसवे. तिथे भिंत हातात हलकी लागते, सगळे सैल होतात, आणि त्याच जोरात ती उभ्या रेषेच्या पलीकडे जाते. मागचे दोन दोर आधीपासून बांधलेले पाहिजेत, खुंट्याला एक वेढा देऊन. नुसते हातात धरायचे नाहीत. वेढा असला की एक माणूस सोडत-सोडत अख्खी भिंत रोखू शकतो. दोर पण धड पाहिजे, गोठ्यातलं जुनं कासऱ्याचं चऱ्हाट नको.

आता जे-बोल्टाचा उपाय. बोल्ट कापायची गरज नाही.

प्रत्येक जागी आधी एक फुटाचा खुंट बसवा. त्याच ७२ च्या पाईपचा तुकडा, खाली बेसप्लेट, ती बोल्टांवर सरळ उभी उतरते, ओळंब्यात घ्या आणि नट आवळा. पाचही खुंट लाईनदोरीत आणि लेव्हल पाईपने एका पातळीत. खुंटाच्या दोन बाजूंना १० मिमीच्या गालपट्ट्या वेल्ड करा, खुंटाच्या डोक्यावरून आठ-नऊ इंच वर आलेल्या. दोन्ही पट्ट्यांत आरपार दोन भोकं, एकावर एक, चार इंच अंतरावर, १६ चा बोल्ट जाईल अशी. भिंतीच्या खांबाचा पाय या दोन पट्ट्यांच्या मध्ये येतो. खालचा बोल्ट घातला की तोच बिजागरी. भिंत उभी झाली की वरचा बोल्ट सरकवायचा, कुलूप लागलं. ओळंबा बघून मग गालपट्ट्या चहूबाजूंनी वेल्ड.

एक बारकावा: खालच्या बोल्टापासून खुंटाच्या डोक्यापर्यंत तीन इंच तरी मोकळे ठेवा आणि खांबाचा पाय बोल्टाखाली दोन इंचांपेक्षा जास्त सोडू नका. नाहीतर फिरताना खांबाचा कोपरा खुंटाच्या डोक्यावर अडतो आणि भिंत अर्ध्यात लटकते. आधी एका तुकड्यावर फिरवून बघा. गालपट्ट्यांची भोकं जोडीने एकत्र पाडा, पाचही ठिकाणचे खालचे बोल्ट एका सरळ रेषेत आले नाहीत तर भिंत फिरणारच नाही. आणि सगळ्यात खालचा आडवा पाईप या जोडाच्या वर घ्या.

माहुलीकर
भाऊ, याचं चित्र काढून वर्कशॉपच्या भिंतीला चिकटवलंय. मग भिंत आडवी असताना फुटभर उंचावर राहणार. खाली ठोकळे लावतो.

जोडणीवाला
ठोकळे लावाच. वेल्डिंगलाही बरं पडतं, पाठ कमी दुखते. उचलण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. पायापासून वरपर्यंत ११ धरलेत तर कर्ण २६ फूट ५ इंचांच्या जरासा आत यायला पाहिजे. आकड्यापेक्षा दोन्ही सारखे येणं महत्त्वाचं. आधी सगळीकडे टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा, कर्ण जुळवा, मग पूर्ण वेल्ड, तेही आलटून-पालटून. एका अंगाने सलग मारत गेलात तर फ्रेम पतंगासारखी ताणली जाते.

कृष्णाकाठ_सांगली
जरा विषयांतर, पण उपयोगी. सांगलीवाडीला आमची शेड आहे. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (४५ ला धोक्याची पातळी!), शेड दिवसेंदिवस पाण्यात. पत्रे धुऊन पुसून चालले. पण चौकोनी पाईपच्या खांबांत पाणी आणि गाळ जाऊन बसला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत खांब आतून सडले. बाहेरून रंग चकचकीत, ठोकून बघितलं तर हातोडी आत. पाईपचं वरचं तोंड टोपीने बंद करा आणि तळाला एक छोटं भोक ठेवा, पाणी निघून जायला. तुमच्याकडे पूर नसेल पण पाऊस कमी नाही. आतला दमटपणाही पुरतो.

पाटलाचा ट्रॅक्टर
@कृष्णाकाठ, शंभर नंबरी. आणि आमच्यात काळी माती. मुरूम लागेस्तवर खड्डा न्हाई गेला तर पावसाळ्यात खांब वर, उन्हाळ्यात खांब खाली. शटर बसलं की रुततंय.

माहुलीकर
इकडे तीन फुटांवर मुरूम लागला. खड्डे दोन बाय दोन, तीन फूट खोल, पूर्ण काँक्रीट.

अनघा_क
मग एकेक ठोकळा आठशे किलोच्या आसपास झाला. उत्तम. अशा हलक्या शेडला पाया दबण्याची भीती कमी, वारा छताला उचलतो त्याची जास्त, विशेषतः शटर उघडं असताना. तेव्हा हेच ठोकळे कामी येतात.

वाऱ्यावरून एक महत्त्वाचं. पत्रे खाली ठोकून भिंत उभी करू नका. ओहायोवाले तक्ते लावून उचलतात ते ऐकून मोह होईल. हिशोब साधा आहे: वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात, त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणायचं, दाब न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा म्हणजे १० मीटर प्रति सेकंद. दाब ६० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सहा किलो. तुमची भिंत साडेचोवीस चौरस मीटर. दीडशे किलोचा आडवा धक्का, तोही झुळकीझुळकीने! उघड्या सांगाड्यातून हाच वारा बहुतेक निघून जातो. शिवाय पत्र्यांचं शंभर-सव्वाशे किलो वजन वाचतं.

बक्कळ
सातारा आहे ताई. चाळकेवाडीला पवनचक्क्या हौस म्हणून नाही लावल्या.

ओहायोतला सातारकर
अनघाताईंचं बरोबर आहे. इकडेही सकाळी सातला सुरू करतात ते वारा पडलेला असतो म्हणूनच. दुपारी कोणी मोठी भिंत उचलत नाही.

अनघा_क
अजून एक सुचवते. २४ फूट एकसंध का? १२-१२ फुटांचे दोन भाग करा. मधल्या खांबापाशी दोन खांब जोडून, बोल्टने आवळायचे. वजन निम्मं होतं. सव्वाशे-दीडशे किलोची भिंत सहा माणसं सावकाश हाताळतात.

जोडणीवाला
इथे माझं ताईंशी जमत नाही. दोन भाग म्हणजे मध्ये सांधा, आणि सांध्यात वरची कड एका रेषेत आणताना घाम फुटतो. खाली एकसंध जोडलेली भिंत वर गेल्यावर जशीच्या तशी सरळ. मी असतो तर एकच उचलली असती.

अनघा_क
तुमच्याकडे रिगर आहेत, चेनब्लॉक आहेत, सवय आहे. यांच्याकडे भाऊ आहे आणि मटणावर आलेली पोरं आहेत. वरची कड दोन मिलिमीटर पुढेमागे झाली तर पत्र्याच्या स्क्रूला फरक पडत नाही.

जोडणीवाला
मटणाचा मुद्दा मान्य. सांध्याचा नाही.

माळरान
मी विट्याचा. आमच्या भागात बोअरची मोटर काढायला तिपाई आणि एक टनी चेनपुली घेऊन येणारे लोक असतात, फोन केला की येतात. त्यांनाच का नाही बोलवत? पुली हात सोडला की तिथेच थांबते, माणसाच्या दमाचा प्रश्नच मिटला.

जोडणीवाला
पुली घ्या, तिपाई सांभाळून. मोटर काढायची तिपाई सरळ खाली येणाऱ्या ओझ्यासाठी असते. भिंत बाजूने ओढायची म्हणजे तिपाईचं डोकं भिंतीकडे खेचलं जाणार आणि मागचा पाय उचलणार. तिपाई भिंतीच्या दिशेने पडली तर खाली भिंत आणि माणसं दोन्ही.

त्याऐवजी दोन पाईप डोक्याशी जोडून कैची करा, १२ फुटी. पाय भिंतीच्या तळाच्या रेषेला, प्लिंथच्या कडेला, ते सरकू नयेत म्हणून अडवलेले. डोक्यावरून मागे दोन दोर, जमिनीत तिरक्या ठोकलेल्या पहारींना किंवा झाडाला ताणलेले. पुली कैचीच्या डोक्याला, पट्टा भिंतीच्या वरच्या कडेला. २४ फुटी भिंतीला अशा दोन कैच्या, दोन पुल्या. अख्खी भिंत एका पुलीवर घेतली तरी सुरुवातीला १७० किलोच्या आसपास ओढ येते, दोन असल्या की निम्मी. एक टनी पुलीला ते काहीच नाही. जसजशी भिंत वर जाईल तशी ओढ कमी होत जाते. ट्रॅक्टरच्या उलट, सुरुवातीला दोर वरून येतो म्हणून उचलतोही.

माहुलीकर
बाहेर चार फूट आहेत. मागच्या दोरांना बाहेर जागा नाही, कंपाउंडच्या पलीकडे शेजाऱ्यांचा लिंब आहे. विचारून बघतो.

वेणू
शेजाऱ्यांना आधी माझी संडासाची गोष्ट सांगू नका.

अनघा_क
विजेच्या तारेचं कोणीच बोललं नाही. कैची १२ फूट, मागे दोर, लोखंडी भिंत फिरताना तिचं टोक खुंटासकट १२ फुटांच्या वर. तार गल्लीच्या तोंडाशी आहे म्हणालात, प्लॉटवरून तर जात नाही ना? लांब पाईप आत आणताना उभा करू नका, आडवाच आणा. संशय असेल तर वीज मंडळाच्या माणसाला बोलावून त्या वेळेपुरता पुरवठा बंद करून घ्या. आणि सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, दुचाकीचं चालणार नाही असं नाही, पण पायात चप्पल नको.

माहुलीकर
तार प्लॉटपासून बरीच लांब आहे. पण पाईप आडवे आणायचं लक्षात ठेवतो.

गोडोलीचा गोप्या
मी उशिरा आलो. एवढं वाचून मला गॅरेज नको, गाडीच विकतो.

बक्कळ
+१

माहुलीकर
मंडळी, काल सकाळी पहिली बाजू उभी झाली.

अनघाताईंचं ऐकून दोन भाग केले (जोडणीवाला भाऊ, रागावू नका). खुंट, गालपट्ट्या, खालचा बोल्ट सगळं सांगितल्याप्रमाणे. वारा पूर्ण पडलेला होता. एकच कैची केली, कारण १२ फुटांच्या भागाला एक पुरली. शेजाऱ्यांनी लिंबाला दोर बांधायला आनंदाने परवानगी दिली आणि स्वतः खुर्ची टाकून बघत बसले. मागचा दोर आमच्या मामांनी धरला, पहारीला वेढा देऊन. पुलीवर भाऊ. बाकी सहा जणांना मी सांगितलं होतं की भिंतीखाली कोणी जायचं नाही, बाजूला उभं राहायचं. आवाज द्यायचा तो फक्त एकाने, मामांनी.

पुलीची साखळी ओढताना भिंत एवढ्या हळू येते की पोरांना कंटाळा आला. शेवटच्या हातभर अंतरात भाऊ जोरात ओढायला लागला तेव्हा मामांनी "थांब!" म्हणून दोर ताणला. वरचा बोल्ट सरकवताना दोन खांबांत सहज गेला, एकात भोक जरा पुढे होतं, पातळ पहारीने हलकं दाबल्यावर बसला. तिरपे टेकू दोन्ही अंगांनी आधीच लटकवून ठेवले होते, खाली झुलले, प्लिंथवरच्या ठोकळ्यांना लगेच टाके मारले. ओळंब्यात तळापासून वरपर्यंत तीन मिलिमीटरचा फरक होता, टेकूचा टाका तोडून नीट केला. मग दुसरा भाग. मधले दोन खांब बोल्टने आवळले. दोन्ही भागांच्या वरच्या कडेवर सूत धरून बघितलं, मला तरी सरळ दिसतंय.

जोडणीवाला
रागावलो नाही. सूत ताणून फोटो टाका, मग बोलू. टेकू वरचे ट्रस बसेपर्यंत काढायचे नाहीत.

अनघा_क
मस्त! गालपट्ट्या वेल्ड करायच्या आधी दुसरी बाजू आणि ट्रस बसू द्या. ओळंबा पुन्हा एकदा बघून मग शेवटचं वेल्डिंग. आणि वेल्डिंगवर लगेच रेड ऑक्साइड मारा, एक पाऊस पडला की गंज सुरू.

आबा_वाईकर
मामांना माझा नमस्कार सांगा.

पाटलाचा ट्रॅक्टर
दादा, झकास. तरीबी मी म्हणतो, खांब एकेक उभा केला असता तर अजून सोपं झालं असतं.

बक्कळ
मटण झालं का?

माहुलीकर
झालं. शेजारीही आले होते. आता शटर रोलिंगचं घ्यावं की दुपाखी गेट करावं? १४ फुटी बाजूला दहा फुटांचं तोंड ठेवलंय.

जोडणीवाला
त्यासाठी नवीन धागा काढा. इथे लिहायला घेतलं तर माझं दुकान उघडायचं राहील.